प्राथमिक आरोग्यसेवकांचे मनोरोगविषयक शिक्षण : एक भाषिक परीक्षण

१

प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी शरीराच्या व्याधींबरोबर मनाच्या व्याधीही ओळखाव्यात, ही अपेक्षा आपल्या देशात नवी नाही. बंगळूरच्या ‘निमहॅन्स’ या संस्थेने साकलवाडा येथे आणि चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर रानी येथे १९७५ च्या सुमारास ग्रामीण प्रयोग हाती घेतले. त्यांच्या अनुभवाचा आधार घेऊन १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. पुढे कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली आणि १९९६ मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने तर ३१ व्या कलमात, सार्वजनिक आरोग्यसंस्थांमधील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक उपचारांचे शिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्यच ठरविले. तेव्हा असे शिक्षण द्यावे की न द्यावे, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कसे द्यावे, हा प्रश्न मात्र उरला आहे. आणि त्याचा जो भाग भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो, त्याचेच परीक्षण येथे करावयाचे आहे.

परीक्षणासाठी एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असलेले बरे. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे तसे ठिकाण म्हणून घेतो. हा कापूस-सोयाबीनचा प्रदेश आहे आणि येथील बोली वऱ्हाडी आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस खानदेशाची व दक्षिणेस मराठवाड्याची बोली तिच्यात मिसळत जाते. खामगावच्या परिसरात मात्र तिचे रूप बरेच ठसठशीत आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भाचे नाव गेली पंचवीस वर्षे वृत्तपत्रांतून येत राहिले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांसाठी जो ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांत बुलढाण्याचा समावेश आहे. अशा गावातील दवाखान्यात जेव्हा एखादी बाई येऊन ‘मले करमत नाही’ एवढेच म्हणते, तेव्हा समोरच्या प्रशिक्षित सेवकाला तिचे काय कळते, यावर सर्व प्रशिक्षणाचे मोल ठरते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, आजचे शिक्षण सेवकाला रोगांची नामे शिकविते. रोगी मात्र क्रियापदांत बोलतो.

२

प्रथम संज्ञांचा विचार करू. मनाचे आजार, व्यसने आणि दीर्घ आजारांतील वागणुकीचे प्रश्न यांना एका छत्राखाली आणणारी ‘बिहेवियरल हेल्थ’ ही संज्ञा अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेत रूढ झाली. तिचा मराठी प्रतिशब्द सहजच ‘वर्तनविषयक आरोग्य’ असा होतो. परंतु मराठीत ‘वर्तन’ हा तटस्थ शब्द नाही. शाळा सोडताना जो दाखला मिळतो त्यावर ‘वर्तन चांगले’ असे लिहिलेले असते, आणि नोकराला ‘गैरवर्तना’बद्दल निलंबित केले जाते. ‘वर्तन’ म्हटले की न्याय-अन्याय, भले-बुरे यांची तुलना आलीच. ‘तुझ्या वर्तनाचा आजार आहे’ असे ऐकणाऱ्या माणसाला आपल्यावर आरोप ठेवला जात आहे असे वाटले, तर दोष त्याचा नव्हे. मद्याच्या आहारी गेलेल्या माणसाबाबत ही अडचण दुप्पट होते. कारण ‘व्यसन’ या शब्दात मुळातच दुर्गुणाची छटा आहे. सेवकाला मद्यासक्ती हा आजार आहे असे शिकवायचे आणि ते शिकविताना तिला दुर्गुणाचे नाव द्यायचे, यांतील विसंगती प्रशिक्षकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा शब्द ‘समुपदेशन’. प्रशिक्षणात तो पदोपदी येतो. त्याच्या पोटात ‘उपदेश’ आहे, आणि शब्दाच्या पोटात जे असते ते वापरणाऱ्याच्या कृतीत उतरल्यावाचून राहत नाही. या कामाचे पहिले अंग ऐकणे हे आहे, असे पाठ्यक्रम कितीही सांगो. ‘उपदेश करावयाचा आहे’ हे शब्द स्वतःच सांगत असतो. मग ‘हिंमत ठेवा’, ‘लेकरांकडे पाहा’, ‘देवाचे नाव घ्या’ अशी बोधवाक्ये सुरू होतात. ती वाईट हेतूने म्हटलेली नसतात. पण ऐकणारा तीच वाक्ये घरी सासूकडून, भावाकडून, शेजाऱ्याकडून ऐकूनच दवाखान्यात आलेला असतो.

तिसरा शब्द ‘मानसिक’. ‘तुमचा आजार मानसिक आहे’ या वाक्याचा वैद्यकातील अर्थ एक व लोकव्यवहारातील अर्थ दुसरा आहे. लोकव्यवहारात त्याचे दोनच अर्थ होतात : एक तर ‘तुम्हाला काही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत’, किंवा ‘तुम्ही वेड्यांच्या वाटेवर आहात’. पहिल्या अर्थाने अपमान होतो, दुसऱ्याने भीती वाटते. आणि दोन्हींचा परिणाम एकच, की रोगी पुन्हा येत नाही.

चौथा शब्द ‘नैराश्य’. ‘डिप्रेशन’साठी मराठीत तोच रुळला आहे. हिंदीने ‘अवसाद’ हा शब्द योजला, त्यात खचून जाण्याचा, गळून जाण्याचा भाव आहे. ‘नैराश्य’ मात्र आशेच्या अभावाचे नाव आहे. काही आशा धरली होती, ती फळली नाही, अशा प्रसंगाशी ते जोडलेले असते. म्हणून ज्याचे पीक बुडाले त्याला ‘नैराश्य’ आले हे ऐकणाऱ्याला पटते. पण ज्याच्या घरी सर्व ठीक असून ज्याला सकाळी उठवतच नाही, त्याला ते नाव लागू पडेल असे कोणाला वाटत नाही. त्याला स्वतःलाही वाटत नाही. याचे एक सामाजिक पर्यवसान असे झाले की, आपण या आजाराचा संबंध कर्ज व नापिकी यांच्याशीच जोडू लागलो, आणि घरातील बायका त्या हिशेबातून निसटल्या.

३

संज्ञांच्या नंतर प्रश्नांचा विचार केला पाहिजे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा स्वयंसेविका जो ‘सीबॅक’ नावाचा तक्ता भरते, त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या प्रश्नांबरोबर मनाविषयी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस किंवा आनंद न वाटणे, आणि खिन्न, उदास किंवा निराश वाटणे, यांचा त्रास किती वेळा झाला, असा त्यांचा आशय आहे. उत्तरे चार : मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सहा. बेरीज तीनहून अधिक झाल्यास रोग्याला समुदाय आरोग्य अधिकारी किंवा वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे पाठवावयाचे. हे दोन प्रश्न ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतील पहिले दोन होत. तिच्या विश्वसनीयतेचा निबंध क्रोएंके, स्पिट्झर व विल्यम्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. तिची उपयुक्तता अनेक देशांत पारखली गेली आहे, आणि ती टाकून द्यावी असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

परंतु पहिलाच प्रश्न पाहा. ‘काम करण्यात रस वाटतो काय?’ असे कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीला विचारले, तर ती बहुधा ‘काम तं कराच लागते’ असे उत्तर देईल. हे उत्तर चुकीचे नाही. प्रश्न तिच्या जगाला लागू पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. रस असणे-नसणे हा ज्याला काम निवडता येते त्याचा प्रश्न आहे. जिच्या बोलण्यात काम नेहमी ‘करावे लागणे’ या रचनेतच येते, तिला कामातील आनंदाविषयी विचारल्यास ती ‘मुळीच नाही’ या खान्यात पडेल किंवा प्रश्नाला हसेल. आणि दोन्ही प्रकारांत तिच्या मनाची अवस्था कळणार नाही. याउलट मराठीत ‘करमणे’ हे जे क्रियापद आहे, त्यात हा प्रश्न तयारच आहे. ज्याला कोठे बसवत नाही, कोणाशी बोलवत नाही, लेकरू जवळ आले तरी बरे वाटत नाही, त्याला ‘करमत नाही’. सबंध महाराष्ट्र हे क्रियापद जाणतो, मग ते प्रश्नात का नसावे?

आता उत्तरांचे खाने. ‘निम्म्याहून अधिक दिवस’ या उत्तरासाठी चौदा दिवसांचा अपूर्णांक मनात धरावा लागतो. गावातील काळ आठवडी बाजाराने मोजला जातो. ‘दोन बाजार झाले, झोपच नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला दोन आठवड्यांचा बोध निश्चितपणे करून देते. मूळ प्रश्नावलीतील काही प्रश्न शिवाय जोडप्रश्न आहेत : झोप कमी येणे किंवा फार येणे, भूक मंदावणे किंवा फार खाणे, हालचाल संथ होणे किंवा उलट अस्वस्थ होऊन फेऱ्या मारणे. लिहिलेल्या कागदावर असा ‘किंवा’ पेलतो. तोंडी विचारताना ऐकणारा दुसऱ्या टोकाला उत्तर देतो आणि पहिले टोक विसरतो.

अशा प्रश्नावल्यांच्या भाषांतराची परीक्षा सामान्यतः उलट भाषांतराने होते : इंग्रजीवरून मराठी एकाने करावे, मराठीवरून पुन्हा इंग्रजी दुसऱ्याने करावे, आणि दोन इंग्रजी पाठ जुळले म्हणजे भाषांतर उत्तीर्ण. या परीक्षेतील दोष उघड आहे. दोन्ही भाषांतरकार शिकलेले व द्विभाषिक असतात. ‘खिन्नता’ हा शब्द वाचून दोघांनाही इंग्रजी मूळ आठवते. पाठ जुळतात, पण पिंपळगावच्या शेतमजुराला तो शब्द कळला की नाही, हे त्या परीक्षेत कोठेच येत नाही. खरी परीक्षा वेगळी आहे : प्रश्न ऐकणाऱ्याने तो आपल्या शब्दांत परत सांगावा. ही परीक्षा करण्यास ना यंत्र लागते ना परदेशी पदवी. लागतो तो ऐकून घेण्याचा धीर.

४

आता व्याकरणाकडे वळू. कारण दवाखान्यातील गैरसमजाचे मूळ पुष्कळदा शब्दसंग्रहात नसून वाक्यरचनेत असते. मराठीत मनाचे व शरीराचे अनुभव सांगताना अनुभवणारा माणूस वाक्याचा कर्ता नसतो. ‘मला वाटते’, ‘मला सुचत नाही’, ‘मला झोप येत नाही’ या वाक्यांत तो चतुर्थीत असतो. अनुभव त्याच्याकडे येतो, त्याला लागतो, त्याला होतो. वऱ्हाडीत हीच रचना ‘ले’ प्रत्ययाने होते : ‘मले काई गोड नाही लागत’. पुष्कळदा माणूस वाक्यातून सर्वस्वी नाहीसाही होतो आणि त्याचे अवयवच कर्ते होतात : ‘जीव घाबरा होते’, ‘कायजात धस्स होते’, ‘हातपाय गयून जातात’, ‘डोक्शात इचार येते’. ‘जीव’ पुल्लिंगी असूनही ‘होतो’ ऐवजी ‘होते’ येणे, आणि ‘काळीज’, ‘गळणे’ यांतील ‘ळ’चा ‘य’ होणे, ही या बोलीची सर्वपरिचित लक्षणे आहेत. परगावच्या अधिकाऱ्याने ती अशुद्ध म्हणून मनातल्या मनात दुरुस्त करीत बसू नये, एवढेही प्रशिक्षणात सांगितले तर पुष्कळ झाले.

या रचनेचे महत्त्व केवळ वैयाकरणाच्या कुतूहलापुरते नाही. ‘हातपाय गळतात’ असे सांगणारा रोगी शरीराची तक्रार करतो आहे असे समजून त्याला सलाईन लावली जाते. रोगीही ती मागून घेतो. सेवकाला शिकविले पाहिजे ते हे की, आपल्या भाषेत मनाचे दुःख सांगण्याची रीतच अशी आहे. काळीज, जीव, डोके, हातपाय हे तिचे शब्द आहेत. अर्थात रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह यांनीही हातपाय गळतात, आणि ते तपासलेच पाहिजेत. पण तपासण्या निर्दोष निघाल्यावर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणणे म्हणजे रोग्याच्या वाक्याचा अर्धाच अर्थ लावणे होय.

याहून बोलके उदाहरण ‘टेन्शन’ या शब्दाचे आहे. हा परका शब्द वऱ्हाडात इतका घरचा झाला आहे की, निरक्षर म्हातारीही तो सहज वापरते. त्याच्याबरोबर दोन क्रियापदे येतात. रोगी म्हणतो, ‘टेन्शन येते’. सेवक म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नका’. पाऊस येतो, ताप येतो, झोप येते. येणारी गोष्ट माणसाच्या हातची नसते. घेतो ते मात्र माणूस आपल्या हाताने घेतो, आणि म्हणून न घेणेही त्याच्या हातात असते. रोग्याने जे ‘येते’ म्हणून सांगितले, ते सेवकाने ‘घेता’ असे करून परत दिले. एका क्रियापदाच्या बदलाने आजाराची जबाबदारी आजारी माणसावर ढकलली गेली, आणि बोलणाऱ्याच्या ते ध्यानातही आले नाही. प्रशिक्षणाच्या सहा तासांपैकी एक तास जर या दोन क्रियापदांना दिला गेला, तर उरलेल्या पाच तासांचे चीज होईल असे मला वाटते.

५

जेथे भाषेची चूक प्राणावर बेतू शकते, अशा स्थळी आपण आता येतो. प्रश्नावलीतील नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा आहे. तो विचारताना सेवक कचरतात. विचारल्याने रोग्याच्या मनात नसलेला विचार येईल अशी भीती त्यांना वाटते. ही भीती निराधार आहे. आस्थेने व स्पष्टपणे विचारल्याने धोका वाढत नाही, हे आजवरच्या संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. पण विचारावयाचे कसे?

‘स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का?’ या वाक्यात रोगी कर्ता आहे. मराठी माणूस, आणि विशेषतः वडीलधारा माणूस, हे दुःख प्रथम कर्त्याच्या रूपात बोलतच नाही. तो विध्यर्थाचा आश्रय घेतो आणि कर्तेपण देवाला देतो : ‘आता देवाने न्यावे’, ‘सुटलो असतो तर बरे’. किंवा आपल्यामागे राहणाऱ्यांची काळजी बोलून दाखवितो. अशा वाक्यांना म्हातारपणाचे नेहमीचे बोलणे समजून सोडून देणे जितके चुकीचे, तितकेच त्यांवरून एकदम घाबरून जाणेही चुकीचे. प्रश्नाला पायऱ्या असाव्यात. देवाने न्यावे असे वाटते काय, येथून सुरुवात करावी; होकार आला तर ‘जिवाचे बरेवाईट करावे असे कधी मनात आले काय?’ असे विचारावे. या वाक्प्रचारात कठोरपणा नाही आणि संदिग्धताही नाही; मराठी भाषेने हे काम आपल्यासाठी पूर्वीच करून ठेवले आहे. त्यानंतर काही ठरविले आहे काय, साधन हाताशी आहे काय, हे शांतपणे विचारता येते.

येथेच ‘औषध’ या शब्दाचा विचार अवश्य करावा लागतो. कापूस पिकविणाऱ्या घरात ‘औषध’ दोन प्रकारचे असते : दवाखान्यातून आणलेले आणि कृषी केंद्रातून आणलेले. फवारणीला ‘औषध मारणे’ म्हणतात. ‘त्याने औषध घेतले’ या वाक्याचा अर्थ आवाजाच्या चढउतारावरून आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतो. तो एकदा उपचार असतो, तर एकदा विषप्राशन. बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरला हे कोणी सांगितलेले असते काय? आणि जेव्हा प्रशिक्षित सेवक घरच्यांना ‘औषध त्यांच्या हाताशी ठेवू नका’ असे सांगतो, तेव्हा घरचे कोणते औषध कुलुपात ठेवतात? ‘फवारणीचे औषध’ असे दोन शब्द पूर्ण उच्चारले पाहिजेत, ते घराबाहेर किंवा दुसऱ्याच्या ताब्यात कुलूपबंद ठेवण्यास सांगितले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याकडून ते परत म्हणवून घेतले पाहिजे. कीटकनाशक हाताशी नसणे हा आत्महत्या टाळण्याचा प्रभावी उपाय आहे, हे ज्ञान शब्दाच्या अशा संदिग्धतेमुळे वाया जाऊ देता कामा नये.

पोलिसांच्या भीतीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अशा प्रसंगानंतर ‘केस होईल’ म्हणून घरचे खरे सांगत नाहीत. २०१७ च्या अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून मुक्त केले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम ठेवलेलेच नाही. कायदा बदलला, बोलण्यातील ‘केस’ हा शब्द मात्र अजून आपले काम करीत आहे. सेवकाने तो स्वतः उच्चारून त्याचे निरसन केल्यावाचून रोग्याचे घर बोलते होणार नाही. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हेही त्याने त्याच वेळी सांगावे.

आशा स्वयंसेविकेची अडचण याहून वेगळी आहे. नियमाप्रमाणे ती त्याच गावची रहिवासी असते आणि विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीला प्राधान्य असते. म्हणजे व्यवहारात बहुधा ती गावाची सून असते. ज्या म्हाताऱ्यासमोर ती डोक्यावरचा पदर सावरते, त्याला ती मरणाविषयी विचारणार कशी? ‘बुवा’ किंवा ‘मामाजी’ म्हणून हाक मारल्यानंतर पुढचे वाक्य कोणते असावे, हा तिचा खरा प्रश्न आहे. शिवाय आज विचारलेले उद्या विहिरीवर ऐकू येईल, ही शंका ऐकणाऱ्याच्या मनात असतेच. तक्त्यातील शून्य गुण म्हणजे मनःस्वास्थ्य, असा अर्थ काढण्यापूर्वी विचारणारी आणि सांगणारा यांचे नाते लक्षात घेतले पाहिजे.

६

हे सर्व केवळ भाषाशास्त्रज्ञाचे मनोराज्य आहे असे कोणी म्हणेल, म्हणून काही सिद्ध झालेली उदाहरणे सांगतो. गोव्यातील ‘मानस’ प्रयोगात चोवीस प्राथमिक दवाखान्यांचा समावेश होता. स्थानिक, अव्यावसायिक समुपदेशकांना शिकवून डॉक्टरांच्या जोडीला देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण या पद्धतीने ६५.९ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले : नैराश्याच्या रोग्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर आले. अमरावती व खामगाव यांची बोली एकच आहे. म्हणून हे उदाहरण पिंपळगाव राजाला विशेष जवळचे.

दूरचे उदाहरण झिंबाब्वेचे. तेथील शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ अतिविचार करणे. विक्रम पटेल व त्यांच्या तेथील सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लोकांच्या अशा बोलण्यावरूनच चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली रचली. इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करून ते थांबले नाहीत. त्याच देशात डिक्सन चिबांडा यांनी सुरू केलेल्या ‘मैत्रीच्या बाका’वर गावच्या आज्या तीच भाषा बोलत रोग्यांचे ऐकून घेतात, त्या पद्धतीची उपयुक्तता २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिली. वऱ्हाडातील ‘डोक्शात इचार येते’ हे वाक्य आणि शोनातील तो शब्द यांतील अंतर फारसे नाही. आपण मात्र त्या वाक्यावरून एकही प्रश्न रचलेला नाही.

७

एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या बाह्यरुग्ण विभागात रोगी पुष्कळ व वेळ थोडा. अशा स्थितीत बोलीभाषेचे लाड कसे परवडणार? शिवाय प्रत्येक तालुक्याने आपले प्रश्न रचले, तर जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना कशी होणार? दुसऱ्या भागात तथ्य आहे, आणि म्हणूनच गुणांकन व मूळ प्रश्नांचा आशय कायम ठेवावा असे माझे मत आहे. बदलावयाची आहे ती आशयापर्यंत नेणारी वाट. पहिल्या भागाविषयी मात्र एवढेच म्हणता येईल की, वेळ थोडा आहे म्हणूनच चुकीच्या प्रश्नात तो घालविणे परवडत नाही. जो रोगी दर पंधरवड्याला ‘कमजोरी’ म्हणून येतो व सलाईन घेऊन जातो, त्याने वर्षभरात किती वेळ घेतला याचा हिशेब कोणी मांडावा.

निरंतर शिक्षणाची आजची मोजणी तासांत होते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस गुणांक मिळवावे लागतात, आणि ते सभागृहात बसल्याने मिळतात. सभागृहात नामे शिकविता येतात. क्रियापदे रोग्यासमोरच शिकावी लागतात. ‘निमहॅन्स’ने आपल्या प्राथमिक मनोवैद्यक उपक्रमात डॉक्टरच्या स्वतःच्या दवाखान्यात, त्याचा स्वतःचा रोगी समोर असताना, दूरदृश्य माध्यमातून शिकविण्याची जी पद्धत अवलंबिली, ती या दृष्टीने योग्य दिशेची आहे. तिच्यात मराठी बोलणारा आणि बोली जाणणारा शिक्षक मिळाला, तर ती वऱ्हाडातही उपयोगी पडेल.

माझ्या सूचना तीनच आहेत. प्रत्येक तालुक्यातील आशा स्वयंसेविकांनी दुःख सांगण्याच्या स्थानिक वाक्यांचा संग्रह करावा, आणि तोच त्यांच्या मासिक बैठकीचा पाठ व्हावा. त्या येथे विद्यार्थिनी नसून शिक्षिका आहेत. परगावच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला हा संग्रह रुजू होण्याच्या दिवशी मिळावा. आणि छापलेला कोणताही प्रश्न, गावातील दहा माणसांनी तो आपल्या शब्दांत परत सांगितल्याखेरीज वापरात आणू नये.

यांपैकी पहिले काम वस्तुतः आपले, म्हणजे विद्यापीठांतील मराठी विभागांचे आहे, हे सांगून हे परीक्षण पुरे करतो. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. सर्व भाषांसाठी ग्रियर्सनने उधळ्या पुत्राच्या एकाच दृष्टांताचे भाषांतर मागविले होते. तुलनेसाठी ते आवश्यकच होते. परंतु त्याला ठाऊक होते की भाषांतरात बोली पूर्ण बोलत नाही; म्हणून त्याने दुसरा नमुनाही मागितला होता, तो त्या भाषकाच्या स्वतःच्या मनचा, कोठलेही भाषांतर नसलेला. आज आरोग्यसेवकाच्या हाती जो तक्ता आहे, तो पहिला नमुना होय. एकच मजकूर सर्व बोलींत फिरवलेला. दुसरा नमुना अजून कोणी मागितलेला नाही. आपण ओव्या जमविल्या, म्हणी जमविल्या, जात्यावरची गाणी जमविली. परंतु दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई आपले दुखणे कोणत्या वाक्यांत सांगते, हे आपण लिहून घेतले नाही. ते लिहून घेतल्यावाचून तिच्यासमोर बसणाऱ्याला आपण काय शिकविणार?